ज्यानं लावला त्यानंच काढायचा

शनिवार, संध्याकाळी सहा

समुपदेशक बाईंनी ही वही दिली आणि म्हणाल्या, "रोज लिहा. काय केलं ते नको, काय वाटलं ते लिहा. कोणाला दाखवायची नाही." आता काय वाटलं याला काही रकाने नसतात. म्हणून आधी काय केलं ते लिहितो.

साडेअकराला कॅम्पवर पोचलो. गेटवर बॅरियर, मनगटाला पट्टे, आमचा हिरवा. जागा क्रमांक सत्तेचाळीस. भाड्याची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, आधीच उभी होती. चाकांखालची लाकडं तपासली, एक उलटी लावलेली होती, सुलटी केली. गॅसची नळी बघितली. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख बघितली. तोवर ठकी पायरीवर बसून होती. ठकी म्हणजे माझी मुलगी, वय दहा. नाव माझ्या आईनं ठेवलंय, कागदावरचं वेगळं आहे.

"झालं का बाबा?"

"पाच मिनिटं."

"म्हणजे वीस," ती म्हणाली. बावीस लागली.

आता काय वाटलं ते. भीती वाटली. नऊ दिवस आहेत. परत गेल्यावर मंगळवारी बाई ठकीला एकटीला खोलीत बसवून विचारणार, पुढच्या सुट्टीत बाबांकडे जायचंय का? ती हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर नाही. माझं म्हणणं कोणी विचारणार नाही. चोवीस वर्षं लिफ्ट तपासतोय, शेकडो लिफ्ट पास-नापास केल्या. आता माझा नंबर लागलाय.

म्हणून हा कॅम्प निवडला. पोहायचा तलाव आहे, पाण्याची घसरगुंडी आहे, मिनी गोल्फ, उड्या मारायची हवेची गादी, दुकान, सायकली, सगळं आहे. इतकं असल्यावर पोरगी खूश होणार नाही तर काय.

नाही फक्त फोनची रेंज. ती एकाच ठिकाणी येते, कपडे धुण्याच्या खोलीत, दोन नंबरच्या मशीनशेजारी. तिची आई रोज पाचला फोन करणार आहे. ठकीचा स्वतःचा फोन आहे, आणि तो चालू असताना मी जवळ थांबायचं नाही, काय बोलली ते विचारायचं नाही अशी अट आहे. काचेच्या दारातून दिसलं ते एवढंच, पाठ माझ्याकडे, तोंडावर हात, बारा मिनिटं.

रिसेप्शनवर फॉर्ममध्ये 'तातडीचा दुसरा संपर्क' असा रकाना होता. रकाना रिकामा सोडणं मला जमत नाही. तिच्या आईचा नंबर लिहिला.

रविवार, पहाटे

ठकी झोपली आहे. काल घसरगुंडी बघून आलो. निळी, वळणावळणाची, तीन मजले उंच. ठकीनं खालून मान वर करून बघितलं आणि बराच वेळ मान खाली केलीच नाही.

"उद्या मी आधी नजर टाकतो, मग जा," मी म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली.

रविवार, संध्याकाळ

नजर टाकली. तिसऱ्या टप्प्यावर, कठड्याच्या बाहेरच्या बाजूला एक बोल्ट हलतोय. खालून दिसतो. वर जाऊन बघायला हवा होता, पण रांग होती. ठकी टॉवेल गुंडाळून बाकावर बसली होती, तासभर. शेवटी म्हणाली, "राहू दे बाबा, मला घसरगुंडीचं एवढं काही नाही. गोल्फ खेळू या." समजूतदार पोर आहे. जीव भांड्यात पडला.

गोल्फमध्ये ती सतरा गुणांनी हरली. हरताना मात्र माझ्याकडेच बघत होती, मी खूश आहे का म्हणून.

सोमवार, दुपार

वारा सुटलाय. आत बसलो. ठकीनं माझी हत्यारांची पिशवी उपसली आणि लाल टॅग काढले. "हे कशाला?"

तिला सांगितलं. लिफ्टच्या विहिरीत, म्हणजे ती वरखाली जाते त्या पोकळीत, माणूस उतरला की आधी वरचा स्विच बंद करायचा आणि त्याला हा टॅग बांधायचा. 'हात लावू नये, माणूस कामावर आहे.' खाली तीन ओळी, नाव, कारण, कधी काढणार. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. साहेब आला, मालक आला, कोणीही आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

"आणि लावला तर?"

मग तिला माझ्या कामावरच्या जोडीदाराचं सांगितलं. थोडंच सांगितलं. तो खाली होता, टॅग वर होता. इमारतीतल्या कोणाला तरी घाई होती. त्यानं टॅग सोडून खिशात टाकला आणि स्विच वर केला. जोडीदाराचा उजवा हात कोपरापासून गेला. त्या दिवशी विहिरीत उतरायची पाळी माझी होती, मी चहाला गेलो होतो. हे तिला सांगितलं नाही.

याला तीन वर्षं झाली. त्यानंतर मी जरा जास्तच तपासायला लागलो असं तिची आई म्हणायची. शाळेच्या बसचे टायर, शेजाऱ्यांचा गॅस, सहलीचा झोपाळा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मी आधीपासूनच काटेकोर आहे.

ठकीनं विचारलं, "तू त्या काकांना भेटायला जातोस?" मी म्हटलं, वेळ मिळत नाही. तिनं टॅग नीट रचून पिशवीत ठेवले.

मंगळवार, दुपार

अक्षर वाईट आलंय, चालवून घ्या. (कोणाला सांगतोय कोण जाणे.)

सकाळी दहाला ठकी शेजारच्या काकूंबरोबर दुकानात गेली. काकू म्हणजे शेहेचाळीस नंबरच्या, दिवसभर खुर्चीत बसून विणतात आणि सगळ्या कॅम्पवर लक्ष ठेवतात. मी म्हटलं, आता रांग नाही, तेवढा तो बोल्ट बघून येऊ. घसरगुंडीपाशी कोणी नव्हतं. पाण्याच्या पंपाची स्विचची पेटी उघडी. रीतसर स्विच बंद केला, टॅग बांधला, सही केली, वर चढलो. बोल्ट हातानं फिरत होता. पाना गाडीत होता, म्हणून पाना आणायला गेलो. गाडीत सापडेना. सापडेपर्यंत अर्धा तास गेला.

परत येतो तर घसरगुंडीसमोर चाळीस पोरं रांगेत उभी. अकराला घसरगुंडीवरून कोण लवकर खाली येतं याची स्पर्धा होती म्हणे. घसरगुंडी कोरडी ठणठणीत. तलावावरचा जीवरक्षक टॅगकडे बघत उभा, हात लावायची हिंमत होईना. मॅनेजर बाईंना बोलावलेलं. आणि रांगेत सातव्या नंबरवर, नव्या पोहायच्या कपड्यात, ठकी. तिनं आदल्या दिवशी नाव दिलं होतं. मला सांगितलं नव्हतं.

"हे कोणी लावलं?" मॅनेजर बाईंनी टॅगवरचं नाव मोठ्यानं वाचलं. माझंच नाव ते. सगळी पोरं इकडेतिकडे बघायला लागली. ठकी कुठेच बघत नव्हती, स्वतःच्या पायांकडे बघत होती.

मी पुढे झालो. बोल्टचं सांगितलं. त्यांनी त्यांच्या मेकॅनिकला वर पाठवलं. तो तिथूनच ओरडून म्हणाला, "बाई, हा झेंड्याच्या काठीचा आहे. काठी आपण मागच्या महिन्यात काढली."

लोक हसले. मीही हसून बघितलं, पण जमलं नाही.

मॅनेजर बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या कामात हुशार असाल. इथे तुम्ही पाहुणे आहात. पुन्हा कुठल्याही पेटीला हात लावलात तर त्याच दिवशी जागा सोडायची." लेखी दिलं. स्पर्धा गुरुवारी चारवर ढकलली.

जागा सोडायची म्हणजे काय, ते या बाईंना काय ठाऊक. पाचव्या दिवशी पोर तिच्या आईच्या दारात नेऊन सोडायची आणि सांगायचं, आम्हाला हाकललं. मग पुढच्या मंगळवारी समुपदेशक बाईंच्या खोलीत वेगळं विचारायची गरजच काय?

मंगळवार, संध्याकाळ

आज फोन पंचवीस मिनिटं. रोज बारा, आज पंचवीस. मध्येच उठून ती मशीनपाशी येरझारा घालत होती आणि मान जोरजोरात हलवत होती. नाही, नाही, नाही. दारातून एवढं दिसलं.

पंचवीस मिनिटांत काय सांगितलं नसेल? पेटी, टॅग, बोल्ट, चाळीस पोरं. आरोपपत्र तयार झालं.

बुधवार

आज ठकी फार शहाण्यासारखी वागतेय. स्वतःहून कप विसळले. "बाबा, चहा करू?" गॅस लावल्यावर नळीला नाक लावून वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काही नाही, ठीक आहे." बरं वाटलं. काहीतरी शिकते आहे माझ्याकडून.

जेवताना म्हणाली, "आपल्याला हाकलतील का?"

"छे."

"तू परत काही तपासणार आहेस का?"

"गरज पडली तर."

तिनं घास खाली ठेवला. तिथे मी थांबायला हवं होतं. पण रात्रभर ती पंचवीस मिनिटंच मोजत होतो. विचारलं, "आईला काय सांगतेस गं रोज?"

"काही नाही."

"पंचवीस मिनिटं काही नाही?"

अट मोडली, हे मला कळतं. ती ताट घेऊन उठली आणि विसळायला गेली. ताटात अर्धं जेवण तसंच होतं.

गुरुवार, संध्याकाळी सात

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी दोनला ठकी म्हणाली, "चारला स्पर्धा आहे. मी जाऊ?"

"चल, मी येतो. खाली उभा राहीन."

"तू येऊ नकोस."

"का?"

"तू असलास की सगळे तुझ्याकडे बघतात."

मला राग आला. राग आला असं लिहिणं सोपं आहे, खरं तर लागलं. म्हणालो, "मग तूही जायचं नाही." ती उठली. आत गेली, दार लावलं. मी पाण्याचा कॅन भरायला नळावर गेलो.

परत आलो तर दाराच्या मुठीला लाल टॅग. माझ्याच पिशवीतला. नाव, ठकी. कारण, बाबा. कधी काढणार, बघू.

मी मुठीकडे नेलेला हात मागे घेतला. नियम म्हणजे नियम. खुर्ची ओढली आणि दारासमोर बसलो. अडीच वाजले होते.

तीन वाजले. आतून आवाज नाही. रडत असेल, झोपली असेल. म्हटलं, रुसवा काढावा. दाराला म्हणालो, "ठके, मी चुकलो." उत्तर नाही. "मंगळवारचंही चुकलं. तो बोल्ट झेंड्याचा होता. पण मला कसं कळणार? मला सगळे बोल्ट सारखेच दिसतात, कारण एखादा तरी..." आणि मग काय झालं कोण जाणे, सगळंच बोलत गेलो. पाळी माझी होती ते. चहा गोड जास्त होता म्हणून दुसरा सांगितला होता, तेही. तीन वर्षांत कोणाला बोललो नव्हतो, ते त्या पत्र्याच्या दाराला सांगितलं. वर म्हणालो, "तुला काही झालं तर मला जगता येणार नाही. म्हणून तपासतो. मला दुसरं काही येत नाही." डोळे पुसले. दार गप्प. किती शांतपणे ऐकते आहे पोर, असं वाटलं.

पाचला पाच मिनिटं कमी असताना काकू विणकाम काखेत मारून आल्या. "अहो, कोणाशी बोलताय तुम्ही? मगापासून बघतेय."

"ठकीशी. आत आहे."

"आत कुठली? तुम्ही नळावर गेलात तेव्हाच गेली की. ते लाल काय ते बांधलं आणि गेली."

मी टॅगकडे बघितलं. टॅग बाहेरून बांधलेला होता. बाहेरून बांधलाय म्हणजे बांधणारी बाहेर. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याला एवढं समोरचं दिसलं नाही. अडीच तास मी रिकाम्या खोलीवर पहारा देत होतो.

खिडकीतून आत बघितलं. कोणी नाही. 

धावलो. घसरगुंडीपाशी पोरं पांगलेली, फरशी ओली. जीवरक्षक म्हणाला, "ती होय, सात नंबर? आली होती. संपून अर्धा तास झाला." तलाव बघितला. दोनदा बघितला, तळापर्यंत. पाणी स्वच्छ होतं तरी परत बघितलं. हवेच्या गादीवर नाही, दुकानात नाही. सायकलींमागे कॅम्पबाहेरच्या तळ्याकडे जायचं छोटं फाटक, त्याची कडी उघडी. तळ्याच्या काठावर जाऊन हाका मारल्या. माझा आवाज मलाच ओळखू येईना. तिथून बॅरियरवर. तिथला गार्ड म्हणाला, "एक मुलगी गेली आत्ताच. पांढरी गाडी होती, बाई चालवत होती."

तिच्या आईची गाडी पांढरी आहे.

संपलं, असं वाटलं. न्यायला आली. आणि त्याच क्षणी, लाज वाटते लिहायला, पण बरंही वाटलं. म्हणजे निदान तळ्यात नाही.

फोन करायचा म्हणून धुण्याच्या खोलीकडे वळलो. रेंज तिथेच. खिडकी उघडी होती. दोन नंबरच्या मशीनवर पाय हलवत ठकी बसली होती, पाठ माझ्याकडे, केसांतून पाणी गळत होतं. पांढरी गाडी दुसऱ्या कोणाची तरी होती. जगात पांढऱ्या गाड्या पुष्कळ असतात.

भिंतीला टेकलो. अट माहीत आहे. तरी ऐकलं.

"...नाही गं, आता काही तपासत नाही तो. बाहेर खुर्चीत बसलाय, पुस्तक वाचतोय... जाड आहे... हो, त्यानंच पाठवलं मला. खालून हात पण केला. मी वरून बघितला ना... आई, परवा सांगितलं ना, त्या बाईंनी फोन केला ते उगाच. काही झालं नव्हतं. तू न्यायला येऊ नकोस. येऊ नकोस म्हटलं ना. तो नीट आहे."

म्हणजे मॅनेजर बाईंनी मंगळवारी त्या दुसऱ्या संपर्काला फोन केला होता. रकाना मीच भरला होता. आणि ठकी ती पंचवीस मिनिटं आईला थोपवून धरत होती.

ती फोनवर ज्या बाबाबद्दल बोलत होती त्याला मी ओळखत नव्हतो. पण माणूस बरा वाटला.

आत गेलो नाही. परत येऊन दारासमोर खुर्चीत बसलो. ती आली, ओली, टॉवेल खांद्यावर. मी आणि टॅग, दोघंही होतो तिथेच आहोत हे बघून थबकली.

"तू उघडलं नाहीस?"

"मी लावला नव्हता."

तिनं गाठ सोडली, टॅग खिशात टाकला. "कितवी आलीस?" विचारलं. म्हणाली, "नववी. वर जरा वेळ थांबले. खाली कोणी नव्हतं."

मुलगी सराईतपणे खोटं बोलते, हे चांगलं नाही, कधीतरी बसवून समजवायला हवं, असं वाटलं. आता लिहिताना तेवढं वाटत नाही.

शुक्रवार

रिसेप्शनबाहेर लोकांनी सोडून गेलेल्या पुस्तकांचं कपाट आहे. त्यातलं सगळ्यात जाड उचललं. घसरगुंडीसमोर खुर्ची टाकली आणि उघडून बसलो. ठकी बघत राहिली.

"काय करतोयस?"

"वाचतोय. तुला जायचं तर जा."

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पुस्तकाकडे, मग खुर्चीजवळ हत्यारांची पिशवी आहे का ते. नव्हती. तिचे कान लाल झाले. मला कळलं की तिला कळलं. 

ती वर चढायला लागली. पहिला टप्पा, दुसरा. पुस्तकाच्या पानाला घामाचे डाग पडले. तिसरा. तिथे त्या बोल्टचं भोक आहे, कोणीतरी बोल्ट काढून टाकलाय. ती वर उभी राहिली आणि खाली बघितलं. पुस्तक मांडीवर ठेवून मी हात वर केला.

तिनंही केला. मग गेली.

खाली यायला किती सेकंद लागले ते मोजलं नाही असं लिहिणार होतो. अकरा. ती परत वर गेली. सतरा वेळा गेली. सतराही वेळा मी हात केला. खांदा दुखतोय.

रविवार, घरी, संध्याकाळ

चारला तिला तिच्या आईकडे सोडलं. आईनं दारातच विचारलं, "कसं झालं?"

"मस्त," ठकी म्हणाली आणि चपला काढायला वाकली.

आईनं माझ्याकडे बघितलं. पूर्वी गॅसची शेगडी तिसऱ्यांदा बघायला उठलो की बघायची तसं. "पुस्तक वाचायला लागलास म्हणे?"

"हो."

"कुठलं?"

नाव बघायचं राहिलं होतं. "जाड होतं," म्हणालो. ठकीनं मान वर केली नाही, पण पाठ हलत होती. हसत होती. तिच्या आईलाही काहीतरी कळलं असावं, कारण ती एवढंच म्हणाली, "पाणी घेतोस?" दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. घेतलं.

मंगळवारी ती खोली. ठकी काय म्हणेल माहीत नाही. खरंच माहीत नाही. विचारलंही नाही. मी ज्यात बसलेला नाही अशा लिफ्टबद्दल मी कधीच खात्री देत नाही.

घरी येऊन सामान काढायला गाडीचं मागचं दार उघडलं. ठकीच्या बाजूच्या सीटच्या पट्ट्याला लाल टॅग बांधलेला. गुरुवारचाच. जुनं खोडून खाली नवं लिहिलंय.

नाव, ठकी. कारण, ही जागा माझी आहे. कधी काढणार, पुढच्या सुट्टीत.

गाठ दुहेरी आहे, ओढून बघितली नाही. उद्या कामावर जाताना मदतनीस दोघं असतात, एक मागे बसतो. त्याला दुसऱ्या बाजूनं बसायला सांगायचं. हत्यारांची पिशवी पुढे ठेवायची. आणि उद्या सुटल्यावर जोडीदाराच्या घरी जाऊन यायचं आहे, पत्ता बदलला असेल तर विचारून घेईन.